भिगवणला फोटो काढायला येणाऱ्या मंडळींना आणि त्यांना आणणाऱ्या टूर लीडर्सना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

हे पत्र कुठल्या खात्याला नाही. खात्यांना लिहिण्यासारखं उजनी धरणाच्या या बॅकवॉटरमध्ये पुष्कळ आहे आणि ते लिहिणारे लोकही आहेत. हे तुम्हाला आहे, म्हणजे थंडी पडली की शनिवारी अंधारातच पुण्यातून निघून सोलापूर हायवेने सूर्य उगवायच्या आत कुंभारगाव नाहीतर डिकसळच्या काठावर हजर होणाऱ्या, पाठीवर बॅग आणि हातात हातभर लेन्स असणाऱ्या सगळ्यांना, आणि खास करून तुम्हाला गाडीत भरून आणणाऱ्या टूर लीडर लोकांना. खुलं यासाठी की आधी खासगीत बोलून बघितलं, उपयोग झाला नाही.

झालं असं की एका फोटोग्राफी टूरची जाहिरात फिरत फिरत माझ्या फोनवर आली. दोन दिवस, नाश्ता, मच्छी थाळी, बोट राइड, आणि ठळक अक्षरात 'फ्लेमिंगो फ्लाइट शॉट गॅरंटीड'. खाली आधीच्या बॅचमधल्या कुणीतरी लिहिलेलं, "लास्ट टाइम दादांनी मस्त उडवले, पैसा वसूल." त्यावर अंगठ्यांची रांग. मी त्यांच्या ग्रुपवर साधा प्रश्न टाकला की पक्षी उडण्याची गॅरंटी तुम्ही देता कशी, कारण माझ्या माहितीत ती द्यायचा एकच मार्ग आहे, बोट थव्यात घालून त्यांना उठवायचं. थोड्याच वेळात मेसेज डिलीट आणि ॲडमिनचं पर्सनलवर उत्तर, "मॅडम, ग्रुपवर निगेटिव्हिटी नको, लोक एन्जॉय करायला येतात." टूरचं नाव मी इथे लिहीत नाहीये, कारण नाव लिहिलं की बाकीचे सगळे 'आपण नाही बुवा त्यातले' म्हणून मोकळे होतील, आणि हा एकाच टूरचा प्रश्न असता तर मी एवढं टायपिंग केलंच नसतं.

आता मी कोण आणि माझा यात काय संबंध, ते सांगते.

माझं आजोळ इंदापूर तालुक्यातलं, भीमेच्या काठचं, आणि जुनं गाव पाण्याखाली आहे. उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं, काठच्या इतर गावांसारखं आमचंही घर, मळा, विहीर सगळं यशवंतसागरात, म्हणजे उजनीच्या जलाशयात, गेलं. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं आणि तुमच्यातले बरेच जण त्याचे ड्रोन शॉट टाकतात ना, माझी आजी त्या भागात कोरड्या पायाने जत्रेला गेलेली होती. आजोबांचा नांगर सुटला आणि मामाच्या हातात जाळं आलं, कारण दुसरं काय करणार. मग पाण्याच्या मागे पक्षी आले. धरणात पाणी साठलं तसे कडेचे गाळाचे उथळ पट्टे तयार झाले, सोलापूरकडे आवर्तन सुटलं की पाणी हळूहळू मागे सरकतं आणि ते पट्टे उघडे पडत जातात, त्यात किडे, शंख, बारीक मासे, आणि ते खायला थंडीत कुठून कुठून येणारे पाहुणे. म्हणूनच तर ज्या वर्षी धरण काठोकाठ भरलेलं असतं त्या वर्षी रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उशिरा येतात आणि तुम्ही डिसेंबरात फोन करून विचारता, "अजून फ्लेमिंगो का नाही?" अहो, उभं राहायला उथळ पाणी नको का त्यांना.

माझा मामेभाऊ आता जाळंही टाकतो आणि सीझनमध्ये तुम्हाला बोटीतून फिरवतोही. पट्टकदंब, चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, चित्रबलाक, कैकर, सगळ्यांची इंग्रजी नावं त्याला तोंडपाठ, आणि कैकर सकाळी कुठल्या खुंटावर बसून मासा खातो ते त्याला झोपेतून उठवून विचारा. म्हणजे या पाण्यात आमच्या घरचं सगळं गेलं आणि आता कुठे पक्ष्यांच्या निमित्ताने थोडं परत मिळायला लागलंय. तेव्हा पर्यटन बंद करा असं म्हणणारी मी बाई नाही, हे आधीच क्लिअर करते.

मी भावाला विचारलं होतं की तू बोट थव्यात घालतोस का. तो आधी गप्प बसला, मग म्हणाला, "ताई, मी नाय म्हणलं तर शेजारच्या बोटीत जाऊन बसत्यात. मंग फुडच्या शनिवारी फोन त्याला, मला नाय." माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आलं खरं तर. बोट थव्यात जाते ती बोटवाल्याच्या हाताने, पण ती ऑर्डर मागच्या फळीवर बसलेल्या गिऱ्हाइकाची असते. कधी सरळ, "दादा, जरा उडवा ना." कधी आडून, "दादा, अजून थोडं पुढे, अजून थोडं." आणि कधी नुसतं उतरताना बक्षिसीतून, ज्याने उडवले त्याला जास्त, ज्याने नाही उडवले त्याला 'थँक यू दादा'. लोकांना वाटतं शेवटचं सगळ्यात निरुपद्रवी आहे. मला तेच सगळ्यात वाईट वाटतं, कारण त्यात कुणी काही बोललेलंच नसतं आणि धडा मात्र पक्का शिकवलेला असतो.

आता तक्रारी, एकेक करून.

सगळ्यात आधी हे उडवणं. रोहितांचा थवा उथळ पाण्यात नुसता पोज देत उभा नसतो, तो कामावर असतो. मान खाली, चोच उलटी पाण्यात, पायाने गाळ ढवळायचा, जिभेने पाणी आत-बाहेर खेचायचं आणि चोचीच्या कडेच्या गाळणीत जे बारीक जीव, बिया अडकतील ते गिळायचे. एवढ्या मोठ्या देहाचं पोट एवढ्याशा खाण्यावर भरायचं म्हणजे दिवसातले किती तास त्यातच जात असतील विचार करा. तो एका जागेवरून टुणकन उडत नाही, पाण्यावर धावत धावत उठतो, आणि तुम्हाला नेमका तोच धावण्याचा शॉट हवा असतो. पंगतीत बसलेल्या माणसाला घास तोंडात घातला की उठवायचं, दुसऱ्या पानावर बसला की तिथून उठवायचं, असं सकाळभर चाललेलं असतं. पहिली बोट उडवते, थवा अर्धा किलोमीटर पुढे बसतो, तिथे दुसरी बोट, मग तिसरी, आणि रविवारी तर रांगच. दहा वाजेपर्यंत थवा पलीकडच्या काठाला गेलेला असतो आणि उशिरा आलेली बिचारी फॅमिली, जिला नुसतं बघायचं असतं, पोराबाळांना दाखवायचं असतं, ती रिकामं पाणी बघून परत जाते.

पट्टकदंबांचं त्याहून वेगळं. हे हंस हिमालय ओलांडून तिबेट, मंगोलियाच्या बाजूने येतात. इथे आल्यावर ते बरंचसं खाणं रात्री काठच्या शेतात उरकतात आणि दिवसा पाण्याकडेला कळपाने बसून राहतात. तुम्हाला वाटतं आळशी बसलेत, उडवून जरा ॲक्शन काढू. त्यांची ती झोप आहे हो. मार्चच्या आसपास त्यांना परत तोच डोंगर चढून जायचंय आणि त्यासाठी अंगावर चरबी चढवायचीय, ती दिवसातून दहादा उठवल्यावर कशी चढणार.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं की मच्छीमारांच्या होड्याही तिथूनच जातात, त्यांना कुठे पक्षी घाबरतात. बरोबर आहे, आणि का घाबरत नाहीत तेही बघा ना कधी. मच्छीमार आपल्या जाळ्याकडे निघालेला असतो, रोज त्याच वाटेने, एकाच चालीने, थव्याला बाजूला टाकून. पक्ष्याला कळतं की हा माझ्याकडे येत नाहीये. तुमची बोट सरळ त्याच्यावर रोखून येते, थांबते, परत येते, त्यात चारपाच जण उभे राहतात आणि लेन्स वळवतात. शिकारी असाच येतो.

आणि जवळ जायची गरज तरी कुठे असते? तुमच्याकडे सहाशे एमएमची लेन्स असते, गणित तुम्हीच करा. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर शंभर मीटर अंतरावरून आडव्या फ्रेममध्ये साधारण चार मीटर उंची मावते. रोहित उभा राहिला की सव्वा मीटरच्या आसपास, मोठा नर असेल तर दीड. म्हणजे शंभर मीटरवरून तो फ्रेमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा येतो, वर पाणी, खाली प्रतिबिंब, मागे धुकं. फोटोसाठी अजून काय पाहिजे? मोबाइलवाल्या माणसाने जवळ जा म्हटलं तर एकवेळ समजू शकते, लाखाची लेन्स घेऊन पन्नास फुटांवर जायचं हे मला कळतच नाही.

दुसरी तक्रार उन्हाळ्याची आहे, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही कारण तोवर रोहितांचा सीझन संपत आलेला असतो आणि गर्दी ओसरलेली असते. मार्च ते मे उजनीचं पाणी उतरत जातं. 117 टीएमसीच्या धरणात निम्म्याहून जास्त मृतसाठाच (वापरात न धरलेलं तळाचं पाणी) आहे, त्यामुळे 'उजनी मायनसमध्ये गेली' ही बातमी आमच्याकडे उन्हाळ्यात ठरलेली. त्या उतरलेल्या पाण्यात छोटी छोटी बेटं उघडी पडतात आणि त्यांवर नदी सुरय, आर्ली, शेकाट्या, टिटव्या जमिनीवरच अंडी घालतात. घरटं म्हणजे काय, तर मातीत जरासा खळगा, चार खडे. अंडी मातीच्याच रंगाची, पाय पडला तरी कळत नाही, आणि तीच तर त्यांची सोय आहे. या नदी सुरयची जगभरातच संख्या घटतेय, आययूसीएन या जागतिक संस्थेच्या यादीत तो आता धोक्यात आलेल्यांमध्ये आहे.

तिथे काय होतं? 'सुरयचं घरटं ॲक्टिव्ह आहे' म्हणून लोकेशन फिरतं, मंडळी बेटावर उतरतात, पोटावर झोपून लो अँगल घेतात. आईबाप डोक्यावर ओरडत घिरट्या घालतात, चोची मारायला येतात, आणि त्याचाच फोटो 'पेरेंटल केअर' अशा कॅप्शनने पडतो. आता त्या वेळचं ऊन आठवा, इंदापूरचा एप्रिल आहे तो, चाळीसच्या पुढे पारा. या पक्ष्यांचं अंड्यावर बसणं बऱ्याचदा ऊब द्यायला नसतं, सावली द्यायला असतं. सुरय, टिटवी, आर्ली असे पक्षी पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून आणतात आणि ओल्या पोटाने अंडी गार ठेवतात. तुम्ही तिथे अर्धा तास लोळलात की तेवढा वेळ अंडी उघड्या तापलेल्या मातीवर पडून. पुढे ती फुटणार नाहीत, पिल्लू आतच जाईल, आणि तुम्ही त्या वेळी घरी एसीत बसून एडिटिंग करत असाल. वरून कावळे आणि घारी बघतच असतात की माणूस कुठे वाकलाय. ड्रोनबद्दल वेगळं लिहीत नाही, बेटावर ड्रोन घातला की काय होतं ते घालणाऱ्याने स्क्रीनवर बघितलेलंच असतं.

तिसरं, शेव-फरसाण. कुरव (सीगल) बोटीच्या मागे लागावेत म्हणून पाकीट फोडून मुठीमुठीने पाण्यात टाकायचं हे आता एवढं नॉर्मल झालंय की काही जण शहरातून निघतानाच किलोभर पिशवी घेऊन येतात. त्याचे रील भारी दिसतात, मान्य. पण कुरव मासे, किडे खाणारा पक्षी आहे, त्याला तळलेलं मीठ-मसाल्याचं बेसन कशाला? घारींना मासे फेकून पाण्यावर झेप घ्यायला लावायचं हाही त्यातलाच प्रकार. आणि ती रिकामी पाकिटं, त्यांचं काय होतं ते भावाच्या जाळ्यात बघा कधी, तंगूसमध्ये, म्हणजे जाळ्याच्या नायलॉन दोऱ्यात, अडकलेली असतात.

चौथं तुमच्याच जिवाचं आहे. लाइफ जॅकेटवर लेन्स नीट टेकत नाही म्हणून जॅकेट काढून ठेवायचं, पक्षी डावीकडे आला की सगळ्यांनी डावीकडे उभं राहायचं. 21 मे 2024 ला याच पाण्यात कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी बोट अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. त्या वेळी या काठावर कुणी जेवलं नव्हतं. ती टूरिस्ट बोट नव्हती, पण पाणी तेच आहे, वारा तोच आहे. बोटवाला "साहेब बसा" म्हणतो तेव्हा तो तुमचा शॉट घालवत नसतो.

पाचवी तक्रार माझ्या मनाला सगळ्यात लागलेली. थव्यात घुसलेल्या बोटीचा व्हिडिओ कधीतरी व्हायरल होतो. खाली कॉमेंट काय असतात? "लोकल लोकांना अक्कल नाही." "पैशासाठी काहीही करतील." "गाववाल्यांना अवेअरनेस दिला पाहिजे." अरे, बोटीत बसलेत कोण? व्हिडिओ काढतंय कोण? आणि हे लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या पेजवर उडत्या थव्याचा फोटो असतो, प्रत्येक पक्ष्याची शेपूट कॅमेऱ्याकडे आणि तोंड पलीकडे. पक्षी आपणहून उडालाय का तुमच्यापासून पळतोय हे फोटोत दिसतं, निदान ज्यांना बघता येतं त्यांना. अशा फोटोंना बक्षिसंही मिळतात. परीक्षक मंडळी, हे पत्र तुम्हालाही आहे.

तुम्ही म्हणाल, हे करू नका असा नियम कुठे लिहिलाय? एक गोष्ट खरी की सगळीकडे 'भिगवण बर्ड सँक्च्युअरी' लिहितात, गुगलपासून टूरच्या टीशर्टपर्यंत, पण उजनीचं बॅकवॉटर म्हणजे काही अधिसूचित अभयारण्य नाही. गेट नाही, तिकीट नाही, काठावर गार्ड उभा नाही. ठाणे खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, 2022 मध्ये ती महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेली, तिथे ऐरोलीहून बोट सुटते ती भरती-ओहोटीचं टायमिंग बघून, आणि कुणी "दादा आत घाला" म्हणून भागत नाही. नांदूर मधमेश्वरला, जे 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर ठिकाण झालं, लोक चापडगावच्या मनोऱ्यावर उभे राहून स्कोपमधून बघतात आणि खूश होऊन परत जातात. आमच्याकडे असं काही नाही, म्हणून सगळी भिस्त बोटीतल्या माणसांवर.

पण नियमच नाही असंही नाही हो. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा उघडा, कलम 2(16), शिकारीची व्याख्या. त्यात पकडणं, सापळा लावणं यांच्याच रांगेत वन्यप्राण्याला हाकणं आणि आमिष दाखवणं हेही आहे, आणि पुढच्या उपकलमात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं, त्यांना त्रास देणं हेसुद्धा. ही व्याख्या अभयारण्याच्या हद्दीपुरती नाही. कोर्टात काय टिकेल काय नाही ते वकील सांगतील, मी नाही, पण 'फ्लाइट शॉट गॅरंटीड' असं पोस्टरवर छापणाऱ्याने एकदा ते पान वाचावं एवढं नक्की.

अजून एक उत्तर मिळतं, म्हणजे हमखास मिळतं, की आमच्या चार बोटींनी काय होतंय, उजनीत सांडपाणी बघा, वाळूउपसा बघा, बारीक आसाची जाळी बघा. बघते ना. जलपर्णी दिसते, उन्हाळ्यात पाण्याला येणारा हिरवा रंग आणि वास आमच्या घरापर्यंत येतो. आणि ते सांडपाणी येतं कुठून? मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथे. म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बाथरूममधून, जिथून तुम्ही पहाटे अंघोळ करून निघता (मी पण आता तिथेच राहते, माझाही वाटा आहेच त्यात). ते थांबवायला पैसा, प्लांट, सरकार, कोर्ट सगळं लागतं. बोट शंभर मीटरवर थांबवायला एक शब्द लागतो. मोठा प्रश्न सुटत नाही म्हणून छोटा तरी सोडवा, असं साधं म्हणणं आहे.

तर मागण्या. टूर लीडर्सकडे आधी, कारण पैसे तुमच्याकडे जमा होतात आणि गिऱ्हाईक तुमचं ऐकतं.

जाहिरातीतून 'फ्लाइट शॉट', 'क्लोज एन्काउंटर' आणि 'गॅरंटी' हे काढून टाका. त्याच्या जागी एक ओळ लिहा की आमच्या ट्रिपमध्ये पक्षी उडवले जात नाहीत, उडवायला सांगणाऱ्याची राइड तिथेच संपेल आणि पैसे परत मिळणार नाहीत. बुकिंग कमी होईल म्हणता? एखादं होईल. बाकीचे लोक वाचून उलट येतील असं मला वाटतं, कारण या विषयावर मनातून चरफडणारे फार आहेत, फक्त ग्रुपवर बोलत नाहीत.

बोटीत बसायच्या आधी काठावर, बोटवाल्यासमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा की अंतर किती ठेवायचं ते हे दादा ठरवणार आणि त्यांचा शब्द शेवटचा. एवढं एक वाक्य बोललात तर माझ्या भावासारख्यांच्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरेल. नाही म्हणायचं काम त्याच्यावर टाकू नका, त्याचं पोट तुमच्या पुढच्या फोनवर आहे. भाडं आधी ठरवा, पूर्ण द्या, आणि बक्षिसी द्यायचीच असेल तर ज्याने बोट लांब थांबवली त्याला द्या, कारण सांगून द्या, बाकीच्या बोटवाल्यांना दिसेल असं द्या. बघा दोन शनिवारांत काठावर कसा फरक पडतो.

थवा ओळखायला शिका आणि शिकवा. माना खाली असतील तर ठीक. दोनचार माना ताठ वर आल्या की तिथेच थांबायचं, इंजिन बंद. सगळा थवा एका दिशेने चालायला लागला म्हणजे तुम्ही ऑलरेडी जास्त जवळ आहात, मागे घ्यायची बोट. रोहित आणि हंसांपासून शंभर मीटर हा माझा आकडा आहे, तुमच्यातल्या जाणकारांना दीडशे वाटत असेल तर आनंदच आहे, खाली मात्र येऊ नका. आणि एका थव्याजवळ एका वेळी एकच बोट. दुसरीने लांब थांबायचं, दहा मिनिटं चहा प्यायचा थर्मासमधला.

मार्च ते जून कुठल्याही उघड्या बेटावर पाय ठेवायचा नाही. घरट्याचा फोटो नाही, घरट्याचं लोकेशन कुठेच नाही, पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या ईबर्डच्या कॉमेंटमध्ये नाही, 'फक्त सीनियर मेंबर्ससाठी' असलेल्या ग्रुपवर तर अजिबात नाही, कारण तिथूनच ते सगळ्यात आधी फुटतं.

खाऊ बंद. शेव तुम्ही खा.

जॅकेट बोट काठाला लागेपर्यंत अंगावर. मुलं असतील तर त्यांच्या मापाचं, मोठ्यांचं गुंडाळून नाही.

स्पर्धा भरवणाऱ्या क्लबांनी नियमात टाकावं की हाकून उडवलेल्या थव्याचे, घरट्यातल्या पिल्लांचे, आमिष टाकून काढलेले फोटो बाद. संशय आला तर आधीच्या-नंतरच्या फ्रेम मागा. खरा असेल तो देईल.

बाकी तुम्ही दुपारी परतताना कडबनवाडीच्या माळावर गाड्या रस्ता सोडून गवतात घालता त्यावर लिहायचं होतं, पण ते एवढ्यात मावायचं नाही. धाविक आणि चंडोल त्याच गवतात जमिनीवर अंडी घालतात एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं.

गावाकडून काय, असं विचाराल. भाऊ आणि त्याच्या आसपासचे काही बोटवाले आपसात बोलतायत, की सगळ्यांनी मिळून अंतर ठरवायचं आणि जो मोडेल त्याला एक शनिवार काठावर बसवायचं. सगळे तयार नाहीत. जे तयार नाहीत ते एकच विचारतात, "गिऱ्हाईक ऐकंल का?" त्याचं उत्तर मी देऊ शकत नाही, तुम्ही देऊ शकता. म्हणून या पत्राखाली ज्या टूर लीडर्सना, क्लबांना या मागण्या मान्य असतील त्यांनी आपल्या नावानिशी 'मान्य' लिहावं, ती यादी प्रिंट करून मी स्वतः काठावरच्या चहाच्या टपरीवर लावीन, बोटवाल्यांना दाखवायला. ज्यांना मान्य नाही त्यांनी का नाही ते लिहावं, वाद घालायला मी बसलेच आहे. फक्त मेसेज डिलीट करू नका.

5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, तोपर्यंत यादी तयार झाली तर सीझनच्या सुरुवातीलाच लागेल. जानेवारीत पाणपक्षी गणना असते, तेव्हा मी काठावरच आहे, प्रत्यक्ष बोलायचं असेल तर या. बोटीत जागा करते, पण उभं राहायचं नाही.

तुमची,
इंदापूर तालुक्यातल्या एका धरणग्रस्त घरातली भाची
(दुर्बीण जुनी, लेन्स नाही)